बापूच्या पेशी

केळापूरच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. त्या तांड्यातली वर्षा राठोड पुण्यात पेशींवर संशोधन करते, एवढं तांड्यात सगळ्यांना माहीत होतं. कसलं संशोधन, हे तिच्या बापाशिवाय कोणी धड विचारलं नव्हतं.

हरिसिंगनं विचारलं होतं. पुण्याला लेकीकडं राहायला गेला असताना एका दुपारी तो तिच्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मले समजंन असं सांग."

"पेशीला खायला मिळालं नाही ना बापू, तर ती आपलंच आतलं खाते. एक पातळ पडदा तयार होते. तो एखादा जुना, मोडका भाग गुंडायून घेते अन् विरघळवून टाकते. त्याच्यावर पेशी दिवस काढते."

"मंग पोट भरते का तिचं?"

वर्षा हसली. "भरत नाही. पण मरण लांबते."

तिची सगळी नोकरी याच एका गोष्टीभोवती फिरली होती. उपाशी पेशी आधी काय खाते, मग काय, शेवटपर्यंत काय राखते, आणि कुठं पोचल्यावर तिला मरण येतं. पांढरकवड्याची शाळा आणि यवतमाळचं कॉलेज झाल्यापासून नागपूर, पुणे, मधली जर्मनीतली वर्षं, सगळीकडं ती हेच बघत आली होती. त्या सुमारास तिला म्हाताऱ्या पण धडधाकट माणसांची कातडी हवी होती. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी होती, माणसं मिळत नव्हती. हरिसिंगनं दंड पुढं केला. डॉक्टरनं तुरीच्या दाण्याएवढा तुकडा काढला. हरिसिंग म्हणाला, "एवढुशानं काय होते? अजून घ्या ना."

त्या दाण्यातून पेशी वाढल्या आणि वर्षाला नाव मिळालं. बाकीच्यांच्या पेशी उपाशी ठेवल्या की काही दिवसांत फुटून जायच्या. बापूच्या मरत नव्हत्या. बारीक होत, आतून रिकाम्या होत, काचेला चिकटून तशाच राहायच्या. परदेशातल्या सभांमध्ये वर्षा त्यांची चित्रं पडद्यावर दाखवायची आणि लोक पुन्हा पुन्हा विचारायचे, या माणसाची तब्येत कशी आहे? ती म्हणायची, उत्तम आहे. शेतात जातो.

दिवाळी होऊन गेल्यावर आईचा फोन आला. वर्षा आईला याडी म्हणायची, तांड्यात सगळेच म्हणतात तसं.

"तुहे बापू जेवून नाही राह्यले," हंसाबाई म्हणाली.

"ताप आहे?"

"काहीच नाही. नुसतं पाणी पेतात. शामनं यवतमाळले नेलते. सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. सलाईन लावलं तर सोताच्या हातानं काढलं अन् घरी आले." मग ती म्हणाली, "तू ये. मले भेव लागते."

हंसाबाईनं उभ्या जन्मात भीतीचं नाव काढलं नव्हतं. वर्षा दुसऱ्या दिवशी निघाली.

पांढरकवड्याला एसटीतून उतरली तर धाकटा भाऊ शाम मोटरसायकल घेऊन उभा होता. दोन्हीकडं कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या होत्या. घराजवळ आल्यावर गाडी बंद करून तो म्हणाला, "पाहून घाबरू नको."

हरिसिंग अंगणात बाजेवर बसला होता. वर्षाला वाटलं होतं त्याहून तो कितीतरी बारीक झाला होता. गळ्याची हाडं, मनगटाची हाडं, सगळी मोजून घ्यावी अशी वर आली होती. पण डोळे ताजे होते. इतक्या उपाशी माणसाचे डोळे असे नसतात, हे तिला माहीत होतं.

"आली का? बस," तो म्हणाला. "गाडीत जागा भेटली होती?"

"भेटली. तू जेवत काहून नाही?"

"भूक नाही लागत. पोट भरल्यावानी वाटते." त्यानं पोटावर हात ठेवला. "कशानं भरलं, ते मले बी समजत नाही."

तिनं त्याची नाडी बघितली. सावकाश आणि घट्ट चालली होती. पावलांवर सूज नव्हती, ओठ फाटलेले नव्हते. समोर ताट होतं. भाकरीवरचा पापुद्रासुद्धा मोडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी केळापूरचे नानाजी आले. नानाजींचं शेत हरिसिंगच्या शेताला लागून. दोघांनी मिळून विहीर खणली होती, एकमेकांच्या पोरांची लग्नं लावली होती. नानाजी बाजेच्या कडेला टेकले.

"काय गा हरिसिंग, कसं काय चाललं?"

हरिसिंगनं त्यांच्याकडं बघितलं. मग वर्षाकडं वळून हळू आवाजात विचारलं, "हे कोण आहेत?"

नानाजींना वाटलं चेष्टा आहे. ते हसले. हरिसिंगही सभ्यपणे हसला, पाहुण्यासमोर हसतात तसं. नानाजींचं हसणं विरलं. "ओयखलं नाही काहून मले?" ते म्हणाले. पुढं थोडा वेळ बसून, चहा अर्धा ठेवून ते उठले. फाटकापाशी त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

वर्षानं मनात म्हातारपणातल्या विस्मरणाची सगळी कारणं आणून बघितली. जीवनसत्त्वं, थायरॉईड, मेंदूतली गाठ. त्यातलं बरंचसं यवतमाळला तपासून झालं होतं. सकाळी ती उठली तेव्हा बाज रिकामी होती. हरिसिंग शेताकडून येत होता. डोक्यावर चाऱ्याचा भारा होता. शामलाही उचलायला जड जावा एवढा तो भारा त्यानं गोठ्यात टाकला आणि दम न लागता बाजेवर येऊन बसला.

हंसाबाई चुलीपुढून हे बघत होती. वर्षा जवळ गेली तेव्हा ती म्हणाली, "हे असंच आहे. तुले सांगतलं तर फोनवर खरं नसतं वाटलं. आधी मोठा बैल विसरले. दोन दिवसानं म्हणे, हा कोणाचा बैल बांधला? अन् त्या रोजी कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडली. मंग लखमाजीचं मरण विसरले, सख्ख्या भावाचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी केळापूरपर्यंत पायी जाऊन आले. काही विसरलं की अंगात जोर येते. तो सरला की बाजेवर पडून राह्यतात. मंग दुसरं काहीतरी जाते."

हे असं होत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आठवण म्हणजे चरबी नव्हे, की जाळली आणि ताकद आली. पण डोळ्यांपुढं तिला काच दिसत होती आणि काचेवर चिकटलेल्या त्या बारीक, रिकाम्या पेशी.

दुपारी बापूच्या पायाला तेल लावताना तिला दिसलं की नडगीवरचा वण नाही. तरण्याताठ्या वयात बैलानं शिंग मारलं होतं. बोटभर खोल, पांढरा पडलेला वण होता. लहानपणी ती त्यावर बोट फिरवत झोपायची. आता तिथं सपाट कातडी होती. तिनं दुसरा पाय बघितला, पुन्हा पहिला बघितला.

"बापू, इथं शिंग लागलं होतं ना?"

"नाही बाप्पा," हरिसिंग म्हणाला. "मले कोणत्या बैलानं कधी मारलं?"

नंतरच्या दिवसांत शाम गेला. म्हणजे शाम घरातच होता, बापाच्या आठवणीतून गेला. हरिसिंगनं त्याला विचारलं, "तू कोणाचा पोरगा रे?" शाम शेतात निघून गेला. त्याची बायको बबिता डबा घेऊन गेली तर तो तुरीच्या ओळीत बसून रडत होता. त्या दिवशी हरिसिंगनं गोठ्याचं मोडलेलं छप्पर एकट्यानं नीट केलं. शामनं खाली उभं राहून त्याला बांबू दिले. बापानं प्रत्येक बांबू घेताना परक्या माणसाचे मानावेत तसे आभार मानले.

मग मराठी गेली. घरात बंजाऱ्यांची गोरबोली आणि बाजारात वऱ्हाडी, अशा दोन भाषांत तो सगळं आयुष्य बोलत आला होता. एका सकाळी बबितानं मराठीत पाणी हवं का विचारलं तर तो नुसता बघत राहिला. हंसाबाईनं गोरबोलीत विचारलं तेव्हा त्याला कळलं. तो जे बोलत होता त्यातले काही शब्द तिनंही लहानपणानंतर ऐकले नव्हते. "माह्या आजीसारखं बोलून राह्यले," ती म्हणाली.

पुण्याहून सुरभीचा फोन आला तो याच दिवसांत. सुरभी वर्षाची विद्यार्थिनी, मागं तीच पेशी सांभाळत होती.

"मॅडम, बापूंच्या पेशींचं सांगायचं होतं. ज्या सगळ्यात जास्त उपाशी होत्या, त्यांना मी तुम्ही सांगितलं होतं तसं हळूहळू अन्न दिलं. जगल्या. वाढताहेत."

"चांगलं झालं की."

"हो, पण त्या वेगळ्या दिसतात." सुरभी अडखळली. "म्हणजे भरल्या, विभागल्या, सगळं नीट आहे. पण आकार आधीचा नाही, चाल आधीची नाही. मला वाटलं डब्या बदलल्या. म्हणून डीएनए तपासून घेतला. बापूंचाच आहे. माणूस तोच आहे मॅडम, पण या त्या पेशी नाहीत."

"आतलं सगळं खाऊन झालं होतं," वर्षा म्हणाली. "केंद्रक तेवढं उरलं होतं."

"हो. त्याच्यावरूनच सगळं पुन्हा बांधलं त्यांनी. पण या पेशी आयुष्यभर जे शिकल्या होत्या ते त्यात नाही."

वर्षानं फोन ठेवला आणि अंगणात बघितलं. हरिसिंग मातीत काटकीनं रेघा ओढत होता. एक लांब रेघ, तिला मधूनमधून गाठी. त्यानं हंसाबाईला जवळ बोलावून प्रत्येक गाठीवर काटकी टेकवून नावं सांगितली. गावांची असावीत. त्यातलं एकही वर्षाला माहीत नव्हतं.

"काय म्हणते गं?"

"मुक्काम सांगतात," हंसाबाई म्हणाली. "कुठं मीठ उतरवाचं, कुठं बैलायले पाणी भेटते. जुन्या काळी आपले लोक लदेणी घेऊन जायचे ना, बैलायवर गोण्या लादून. पण तुह्या बापूनं कधी लदेणी पाह्यली? त्याहिच्या बापानं बी नाही पाह्यली."

हंसाबाई त्याच आठवड्यात गेली. सकाळी ती पाणी घेऊन आली तर हरिसिंगनं पाय आखडून घेतले आणि नजर खाली केली, अनोळखी बाईसमोर करावी तशी. हंसाबाई तांब्या ठेवून मागं सरली. ती रडली नाही. वर्षाला म्हणाली, "आता तूच राह्यली."

वर्षाला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. बापूला बळजबरीनं का होईना खाऊ घातलं नाही, तर ती स्वतः जाईल, मग ते मुक्काम जातील, आणि मग शरीरात राखायला काही उरणार नाही. खाऊ घातलं तर तो जगेल. पण कोण जगेल, हे सुरभीनं तिला सांगितलं होतं. अजून तो तिला ओळखत होता. सकाळी तिचं नाव घेऊन हाक मारत होता. ती दोन दिवस काही करू शकली नाही. त्याच्या शेजारी बसून राहिली, आणि त्यानं हाक मारली की लगेच ओ देत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शामचा डबा घेऊन शेताकडं निघाली तेव्हा हरिसिंग बाजेवरून उठला आणि तिच्या पुढं चालू लागला. तिनं हाका मारल्या. तो थांबला नाही. कापसाच्या ओळींमधून तो सरळ चालला होता. वेचणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. आपलं शेत मागं पडलं, नानाजींचं मागं पडलं. नाल्याच्या काठी एका मोकळ्या जागेवर येऊन तो उभा राहिला, वारा कुठून येतो ते बघितलं, तीन दगड आणून चूल मांडली. मग तिच्यापुढं मांडी घालून बसला.

ती समोर उभी होती. ऊन चटचटत होतं. त्यानं वर बघितलं आणि आता आपणही गेलो, हे तिला कळलं. त्या नजरेत लेक नव्हती.

"याडी," तो म्हणाला. "बाटी दे."

आई, भाकर दे. एवढंच. महिनाभरात पहिल्यांदा त्यानं खायला मागितलं होतं.

वर्षाला नंतर कितीदा तरी वाटलं, तिथं एक क्षण असा होता की ती नाही म्हणू शकली असती. पण भुकेल्या माणसानं हात पुढं केला होता. तिनं डबा उघडला. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं तर ते मरतं, हेही तिला माहीत होतं, म्हणून तिनं भाकरीचा नखाएवढा तुकडा पातळ वरणात बुडवला आणि त्याच्या तोंडात घातला. थोडं थांबून दुसरा. तो डोळे मिटून चावत होता. तिसऱ्या तुकड्याला त्याच्या कपाळावर घाम आला, आणि वर्षा रडायला लागली. त्यानं डोळे उघडून तिचं रडणं बघितलं. त्याला कारण कळलं नाही. पण त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हरिसिंग सावरला. वर्षानं रजा वाढवली, आधी पेज, मग वरणभात, मग भाकर, असं मोजूनमापून त्याला वाढवत नेलं. गालावर मांस आलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि खूश होऊन म्हणाले, तरण्या माणसासारखं रक्त आहे. तो तांड्यात फिरू लागला, पोरांशी खेळू लागला. चालणं निराळं होतं. आधी तो डावा खांदा पाडून चालायचा, आता सरळ, लांब ढांगा टाकत चालायचा. गेलेलं काही परत आलं नाही.

एकदा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, त्याला बघायला आले. वयानं मोठे, गोरबोली चांगली बोलणारे. हंसाबाई, वर्षा, शाम, सगळे ओसरीवर होते. नायकांनी प्रेमानं विचारलं, "नाव काय तुझं, भाऊ?"

"लखीराम," हरिसिंग म्हणाला. चुकलं असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आपलं नाव सांगताना माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत होता.

हंसाबाईनं झटकन पदर डोक्यावरून ओढून तोंड झाकलं आणि उठून आत गेली.

वर्षा तिच्या मागं गेली. "काय झालं याडी?"

"माह्या सासऱ्याच्या आज्याचं नाव आहे ते," पदराआडून हंसाबाई म्हणाली. "त्याहिच्यापुढं मी उघड्या तोंडानं कशी बसू?"

"अगं, बापूनं ते नाव लहानपणी ऐकलं असंन. मेंदूत असं कुठंतरी पडून राह्यते."

"असंन," हंसाबाई म्हणाली. "तू शिकलेली आहे. पण मी त्याहिच्याजवळ पन्नास वर्सं झोपली. हा माणूस चांगला आहे, मले कोणता तरास देत नाही. पण हा माहा नाही."

त्या दिवसापासून हंसाबाई नवऱ्यासमोर पदराआड राहू लागली. ताट वाढायची, ते अंतरावर ठेवायची, वाकून नमस्कार करायची. तो तिला थोरल्यानं द्यावा तसा आशीर्वाद द्यायचा. पोरं हसली नाहीत, शेजारणी कुजबुजल्या नाहीत. तांड्यानं ते जसंच्या तसं घेतलं.

सुरभीनं विचारलं, नव्या पेशींचं काय करायचं, गोठवून ठेवू की काढून टाकू? वर्षा म्हणाली, अन्न देत राहा. त्यावर लेख लिहायचा का, या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

ती निघाली त्या दिवशी शाम गाडी काढत होता. तो माणूस फाटकापर्यंत तिला पोचवायला आला. अंगावर शामनं आणलेलं नवं धोतर होतं, चेहरा भरलेला, उन्हात चमकत होता. गोरबोलीत त्यानं सांगितलं की त्या दिवशी भाकर दिलीस, त्याचं पुण्य तुला लागेल. पुन्हा या वाटेनं आलीस तर आमच्याकडं थांब.

"थांबंन," वर्षा म्हणाली.

"कोणाची लेक तू?"

"हरिसिंगची."

तो आठवून बघायला लागला. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून, एकेका घरातून फिरून यावं तसं त्यानं आठवून बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "हे नाव आमच्यात अजून कोणाचं ठेवलं नाही." मग तिचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "चांगलं नाव आहे. पोरगा झाला तर ठेवू."